आष्टीच्या रणात बापू गोखले वाचले असते तर?

भीमाकाठ
काल एका सद्गृहस्थांनी लिहिले की, २० फेब्रुवारी १८१८ रोजी आपल्या मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना पडले नसते, तर पेशवाई आणखी वीस वर्षे सहज टिकली असती. ते वाचल्यापासून मन स्वस्थ नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो. बापूंच्या शौर्याविषयी वाद नाही. ते मोजक्या स्वारांनिशी इंग्रज सेनापती स्मिथच्या घोडदळावर तुटून पडले आणि खुद्द स्मिथच्या डोक्याला तलवारीची जखम झाली. पण तोवर उरले होते काय? ज्या दिवशी खडकीला पेशवे आणि इंग्रजांच्या लढाईला तोंड लागले, त्याच ५ नोव्हेंबर १८१७ ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी ग्वाल्हेरचा तह केला. त्याच महिन्यात नागपूरकर भोसले सीताबर्डीला हरले, २१ डिसेंबरला महिदपूरला होळकरांची फौज मोडली आणि फेब्रुवारीत साताराही गेला. चारी बाजूंनी एकटा पडलेला पेशवा एका सेनापतीच्या जिवावर किती दिवस तग धरणार होता?

आजोळ आष्टी
या तारखा आम्हालाही पाठ आहेत, पण तुमच्या यादीत साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांचे नाव कसे नाही? सातारा घेतल्यावर इंग्रजांच्या एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला की, वैर पेशवा दुसऱ्या बाजीरावाशी आहे आणि छत्रपतींना स्वतंत्र राज्य देऊ. छत्रपती मात्र तेव्हा पेशव्याच्या छावणीत होते. ते हाती नसताना त्या कागदाला सरदारांनी किती किंमत दिली असती? आष्टीला ते इंग्रजांच्या हाती लागले आणि तो कागद खरा ठरला. लहानपणी आजोबा मला काठीने रान दाखवून सांगत की, फेब्रुवारीत इथे मालदांडी ज्वारी काढणीला आलेली असते, घोड्यांना कडब्याची ददात नाही, म्हणूनच फौज या बाजूने आली. ग्रंथांत हे लिहिलेले नसेल, पण ते रान मी पायाखाली घातलेले आहे.

चौपाडकर
«हाती लागले» या शब्दांना माझी सक्त हरकत आहे. ज्या राजाला बाजीरावाने मातोश्रींसह वासोटा किल्ल्यावर अडकवून ठेवले होते, त्याची ती सुटका होती. छत्रपतींना कैदेत ठेवणाऱ्या पेशवाईसाठी गळा काढणाऱ्यांनी आधी एवढे कबूल करावे.

आजोळ आष्टी
सुटका? त्याच इंग्रजांनी त्याच प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा केला. याला सुटका म्हणणाऱ्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

चौपाडकर
इच्छा नसेल तर घालू नका, पण १८३९ चे माप १८१८ ला लावू नका. गिरणी बंद पडली तेव्हा माझ्या वडिलांनी समोर आला त्या मालकाकडे यंत्रमागावर काम धरले. पुढे त्या मालकानेही त्यांचे पैसे बुडवले. म्हणून पहिल्या दिवशी घरात चूल पेटली, ती खोटी होती का? वासोट्याच्या जंगलातून आलेल्या पंचविशीच्या राजाने पुढली तीस वर्षे कशी ओळखायची होती? माणसाला त्या घडीला दिसते तेवढ्यावरच निवड करावी लागते. आपण मात्र दोनशे वर्षांनी खुर्चीत बसून त्याला पारतंत्र्याचा दाखला देतो, याचा मला मनापासून संताप येतो.

भुईकोट
तुमचे दोघांचे चालू द्या, पण सोलापूरच्या वेढ्याची आठवण सोलापूरकरांनाच होऊ नये, हे मला सहन होत नाही. पेशव्यांच्या तोफखान्याचे गणपतराव पानसे तोफा घेऊन इथे होते. इंग्रज सेनापती मन्रोने १० मे १८१८ ला किल्ल्याबाहेरची पेठ घेतली आणि १५ मे रोजी किल्ला पडला. माझ्या मुलीच्या शाळेची सहल रायगडाला गेली, तिथले सगळे तिला ठाऊक आहे. घरापासून दहा मिनिटांवरच्या किल्ल्यावर कोण लढले, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नाही. बापू जगते, तर याच तोफखान्याला येऊन मिळाले असते, हा विचार तुमच्यापैकी एकानेही केला नाही.

भीमाकाठ
छत्रपतींचा मुद्दा माझ्याकडून सुटला, हे मान्य करावे लागते. भुईकोट यांच्या तारखांनी तर मला अधिकच अडचणीत आणले आहे. मे महिन्याच्या मध्याला सोलापूर गेले आणि ३ जूनला बाजीराव इंग्रजांच्या माल्कमच्या स्वाधीन झाला, म्हणजे मृगाच्या अगदी तोंडावर. आष्टीला छत्रपती हाती लागले नसते आणि बापू पानशांना येऊन मिळाले असते, तर लढाई पावसाळ्यात शिरली असती. भीमा आणि सीना दुथडी भरल्यावर आपल्या काळ्या रानातून तोफांचे गाडे ओढून नेणे मन्रोलाही जमले नसते. तेव्हा वीस वर्षे मी आजही मानत नाही, पण एक पावसाळा मिळाला असता, हे मानतो.

आजोळ आष्टी
तेवढे पुरे आहे. मात्र चौपाडकरांना «सुटका» हा शब्द मी देणार नाही.