जे-१ व्हिसा: पगारातून सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर कापतात. परत मिळेल का?

औंधकर: जे-१ (एक्सचेंज व्हिजिटर व्हिसा) रिसर्च स्कॉलर. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदाच आलो. पगार महिना ४,५०० डॉलर. त्यातून सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) २७९ आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) ६५.२५ जातात. पेरोलवाले म्हणतात, सगळ्यांचेच कापतो. बरोबर आहे का? बायको जे-२ वर (जे-१ च्या जोडीदाराचा व्हिसा) नोकरी करते, तिचं काय?

आकडेमोड: तुमचे कापायला नको होते. करासाठी 'नॉनरेसिडेंट एलियन' (रहिवासी न धरलेला परदेशी) असलेल्या जे-१ ला ही ७.६५ टक्के कपात लागू नाही, आणि मालकालाही स्वतःचे तितकेच भरावे लागत नाहीत. फेडरल इन्कम टॅक्स मात्र कापणारच.

सूट दोन वर्षांची, आणि ती कॅलेंडर वर्षांत मोजतात. नोव्हेंबरात आलात तरी २०२४ संपूर्ण धरलं जातं, म्हणून सूट २०२५ अखेरपर्यंत. २०२६ मध्ये १८३ दिवस राहिलात, तर १ जानेवारीपासूनच कपात लागते. इथे पेरोलवाले 'आल्यापासून २४ महिने' धरतात आणि मग एकदम थकबाकी काढतात. आधी कोणी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर शिकलं असेल, तर मागच्या ६ वर्षांतली ती वर्षंही या दोनांत धरतात.

जे-२ ला ही सूट नाही. त्यांची कपात बरोबर आहे.

फॉर्मवाली: आधी मालकाकडे लेखी मागा. तो ९४१-एक्स (मालकाचा पेरोल कराचा दुरुस्ती फॉर्म) भरून परतावा देऊ शकतो. २०२४ च्या पगारासाठी सुधारित डब्ल्यू-२ही (वर्षाचा पगार-कपातीचा दाखला) लागेल. नाही म्हणाला, तर तसं लिहून घ्या आणि आयआरएसकडे (अमेरिकी कर खातं) परताव्यासाठी फॉर्म ८४३ व ८३१६ पाठवा. सोबत डब्ल्यू-२, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) आणि डीएस-२०१९ (जे-१ चं पात्रता प्रमाणपत्र) यांच्या प्रती जोडा. ही रक्कम १०४०-एनआरमध्ये (नॉनरेसिडेंटचं इन्कम टॅक्स रिटर्न) मागू नका, तिथे मिळत नाही. २०२४ च्या कपातीसाठी मुदत १५ एप्रिल २०२८. सूट असेपर्यंत फॉर्म ८८४३ (राहण्याचे दिवस का मोजायचे नाहीत हे सांगणारा) दरवर्षी भरायचाच.

आकडेमोड: चूक बहुधा सॉफ्टवेअरमध्ये असते. डब्ल्यू-४ (कर किती कापायचा ते मालकाला सांगणारा फॉर्म) फक्त इन्कम टॅक्सपुरता. ही सूट पेरोलमध्ये वेगळी लावावी लागते. डीएस-२०१९ आणि आय-९४ पाठवून तेवढंच करायला सांगा. पुढच्या डब्ल्यू-२ मध्ये ३ ते ६ हे रकाने रिकामे हवेत.

औंधकर: पैसे तिकडेच राहू दिले तर पेन्शनला उपयोग?

फॉर्मवाली: चुकून कापलेल्याच्या भरवशावर राहू नका. शिवाय पेन्शनला साधारण १० वर्षांची नोकरी लागते, आणि भारत-अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने इथली वर्षं तिकडे जोडता येत नाहीत.