विषय: बाबांच्या लॅपटॉपवर मिंट की एलएमडीई?

मंडळी, नमस्कार.
फोंड्याला बाबांचा जुना लॅपटॉप आहे. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ त्यावर चढत नाही. बाबा त्यावर जत्रेतल्या नाटकाची संहिता टाइप करतात, बाकी फारसं काही नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम घालायचं ठरलंय, पण साइटवर साधं मिंट आणि एलएमडीई (लिनक्स मिंट डेबियन एडिशन) अशी दोन दिसतात. चतुर्थीला चारच दिवस येतेय. कुठलं घालू?
– दुबईहून

ताई,
तिन्ही लिनक्सचेच प्रकार, एकातून दुसरा निघालेला: डेबियन आजोबा, उबुंटू मुलगा, मिंट नातू. एलएमडीई म्हणजे नातवाला थेट आजोबांकडे ठेवलेला. उबुंटू उद्या बंद पडलंच तर आपलं अडू नये, म्हणून मिंटवाल्यांनी केलेली सोय. दोन्हीकडे सिनॅमन डेस्कटॉप, म्हणजे समोर दिसणारा पडदा नि मेनू, तोच.

आखातातून परतल्यावर मी मोठ्या तत्त्वाने सासऱ्यांच्या लॅपटॉपवर एलएमडीई ६ घातलं. म्हापसा, भर जुलै. वायफाय दिसेचना! ब्रॉडकॉम कंपनीची वायफाय चिप, तिला चालवणारा ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा आणि नेटसाठी तोच ड्रायव्हर हवा. मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट दिलं, तर अर्ध्यात लाइट गेली. बॅटरी आधीच मेलेली. दुसऱ्या दिवशी साधं मिंट घातलं. तिथे ड्रायव्हर मॅनेजरमध्ये तो ड्रायव्हर समोरच होता, टर्मिनल उघडून आज्ञा टाइप कराव्या लागल्या नाहीत.

तेव्हा तुम्ही मिंट २२ घ्या. उबुंटू २४.०४वर बेतलंय, २०२९पर्यंत अपडेट मिळतील. रॅम ४ जीबीच असेल तर सिनॅमनऐवजी हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपची आवृत्ती. एलएमडीईत ती निवडच नाही.

पण खरी मेख वेगळीच. बाबा युनिकोडात (कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या मराठीत) टाइप करतात की जुन्या फॉन्टात? जुन्या फॉन्टाचं टायपिंग सॉफ्टवेअर विंडोजचं असेल तर दोन्हीकडे सारखंच अडेल. पेनड्राइव्हवरून, काही पुसायच्या आधी, मिंट चालू करून त्यांना 'सुऱ्या' लिहायला लावा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य.
– म्हापशाहून

दादा,
बाबांना फोन केला. युनिकोडच आहे, सुटलो. 'शिफ्ट-जे मला ठाऊक आहे, तुमचे आजोबा-नातू तुम्हीच सांभाळा' म्हणाले. प्रिंटर मात्र पंधरा वर्षांचा आहे. मॉडेल विचारून कळवते.