सिममधला सह्याद्री आणि खिडकीतून दिसलेला सह्याद्री, एवढा फरक का?

घाटवेडा_पुणे
मंडळी, २०२० ला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम, आपलं सिम) आलं तेव्हापासून खेळतोय. लोहगाववरून सेस्ना १७२ हे छोटं विमान काढायचं, पवना, तिकोना, लोणावळा करत खाली कोकणात उतरायचं, हा रविवारचा ठरलेला कार्यक्रम. बायको म्हणते पेट्रोल लागत नाही तेवढं बरंय. तर गेल्या ऑगस्टमध्ये पुणे-गोवा फ्लाइटला खिडकी मिळाली आणि विमान उतरायला लागल्यावर ढगांच्या फटीतून जेमतेम दोन मिनिटं घाट दिसला, मी गारच पडलो. हिरवा इतका की काळपट वाटावा आणि त्यावर धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा. घरी येऊन लगेच तीच वाट सिममध्ये उडवली, लाइव्ह वेदर (त्या क्षणाचं खरं हवामान) चालू होतं, वर ढग थेट तसेच आणि खाली बघतो तर सगळं खाकी, एप्रिलमधल्यासारखं!! ग्राफिक्स अल्ट्रावर आहे, नेटपण १०० एमबीपीएस. माझं सेटिंग चुकतंय का, की एवढा फरक असणारच? खरं विमान उडवणाऱ्यांनी सांगा प्लीज.

नकाशेवाला
सेटिंगला हात लावू नकोस भाऊ, त्याचा काही दोष नाही. जमीन येते बिंग मॅप्सच्या उपग्रह आणि हवाई फोटोंवरून, २ पेटाबाइटच्या वर डेटा आहे म्हणून तर तो नेटवरून ओढावा लागतो. आता जून ते सप्टेंबर घाटावर ढग बसलेले, वरून फोटो काढणार कसा? म्हणून आभाळ मोकळं असतं त्या महिन्यांतले फोटो जोडतात, आणि तेव्हा आपला घाट वाळलेलाच असतो. तू ऑगस्टचे ढग मार्चच्या जमिनीवर बघितलेस. २०२४ च्या व्हर्जनमध्ये सीझन आलेत, एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिममध्येपण आहेत, पण खरी मजा बर्फ पडतो तिकडची.

अजून एक गंमत बघ, संध्याकाळी उडव आणि डोंगरांच्या सावल्यांकडे लक्ष दे. फोटो सकाळचा असला तर त्याच्यातली सावली पश्चिमेकडे पडलेली असते, ती तिथेच चिकटून राहते आणि सूर्यपण पश्चिमेलाच. कोकणकड्याचं तर बघवत नाही. वरून काढलेल्या फोटोत उभ्या कड्याच्या वाट्याला येतात चार पिक्सेल, तेच ताणून भिंतभर लावल्यावर दगड वितळल्यासारखा दिसणारच.

आणि इमारतींवर जाऊ नकोस, बऱ्याच ठिकाणी त्या फोटोवरून एआयने अंदाजे उभ्या केल्यात, ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या ब्लॅकशार्क कंपनीचं काम ते. मेलबर्नला साध्या वस्तीत २१२ मजली सुळका उगवला होता आठवतंय? ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच भरलेल्या नकाशावर, कुणीतरी २ मजल्यांच्या जागी २१२ टाइप केलेलं 😂

जुनाखोड
मी अजून २००६ च्या एफएसएक्सवर, म्हणजे याच सिमच्या जुन्या व्हर्जनवर. घाटाला हिरवं जाजम, दर मैलाला तेच झाड आणि तेच शेत. सुखी आहे.

सोलो_झाली_एकदाची
बारामतीला सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) करतेय, सेस्नाच आहे. खरं सांगू का, जमिनीचा रंग वगैरे उडताना डोक्यातपण येत नाही. मला पहिल्या दिवशी जाणवलं ते वेगळंच, की सिममध्ये हवा फारच स्वच्छ असते. हिवाळ्यात सकाळी वर गेलं की तपकिरी धुरकट थर असतो, खाली सरळ बघितलं तर शेत दिसतं आणि समोर बघितलं तर क्षितिजच नाही, आकाश कुठे संपलं कळत नाही. व्हिजिबिलिटी ५ किमीच्या खाली गेली की व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून उडवणं, बंद, मग कॅन्टीनमध्ये चहा पीत बसायचं. सिममध्ये कधी बसलायत असं?

दुसरं म्हणजे स्क्रीन. २७ इंची मॉनिटर हातभर लांब ठेवला तर नजरेचा जेमतेम ५० अंश भाग व्यापतो, पण सिम त्यात त्याहून जास्त रुंद दृश्य कोंबतं, म्हणून डोंगर बुटके आणि रनवे लांब दिसतो. मी घरी सिमवर दोनेकशे लँडिंग मारून गेलेले, वाटलं आपल्याला येतंय. फ्लेअरच्या वेळी (टेकायच्या आधी नाक हळूच वर घेतात तेव्हा) शेवटच्या वीसेक फुटांत जमीन डोळ्यांच्या कडांमधून अंगावर येते, ती मॉनिटरवर असते कुठे? सवयीने समोर नाकाजवळ बघत राहिले आणि असं आदळलं की सर म्हणाले, "घरचं विमान घरी ठेवून ये." आता रनवेच्या पार टोकाकडे बघते.

पण हजार फुटांच्या वर सिम एकदम भारी. पहिल्या क्रॉस-कंट्रीच्या (लांबच्या गावाला जायच्या सराव-उड्डाणाच्या) आधी सगळा रूट उडवून ठेवलेला, नदीचं वळण, तलाव, रेल्वे लाइन सगळं जिथल्या तिथे सापडलं. लायसन्स देणारं डीजीसीए घरच्या सिमचे तास धरत नाही, तरी माझे पैसे वाचले.

बे_एरियातला_नाशिककर
ताईंना शंभर टक्के अनुमोदन. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पालो अल्टोवरून उडतो, रनवे फक्त ७० फूट रुंद. सॅन फ्रान्सिस्कोला सिममध्ये फोटोग्रामेट्री आहे, म्हणजे अनेक कोनांतून फोटो घेऊन खऱ्या इमारतींचं थ्रीडी केलेलं, गोल्डन गेटजवळून जाताना लांबून खरंच फसायला होतं. खाली गेलास की झाडांचे लाडू आणि गाड्या रस्त्याला वितळून चिकटलेल्या. आमच्याकडे खाडीच्या कडेला मिठागरं आहेत, खारेपणा बदलला की पाणी हिरव्याचं नारिंगी, लाल होतं. मी त्यांच्यावरून वळायची खूण धरतो आणि दर खेपेला रंग वेगळा, सिममध्ये पाच वर्षं तोच लाल.

घाटवेडा_पुणे
धन्यवाद सगळ्यांना, ताई विशेष. काल तुमचं ऐकून व्हिजिबिलिटी ४ किमी लावली आणि व्ह्यू झूम करून ठेवला. तिकोना समोर असताना दिसला नाही, बाजूला आल्यावर एकदम उगवला, छातीत धस्स झालं. बायको मागून म्हणाली, आज काहीच दिसत नाहीये, बिघडलं का? आता व्हीआर हेडसेटचं विचारायचं होतं, पण ३०६० ग्राफिक्स कार्डवर ते झेपेल का? नकाशेवाले, सांगा.