मांजर पोटाला कंगवा लावू देत नाही, मदत हवी आहे

नमस्कार, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. आमची पर्शियन चिंगी ४ वर्षांची आहे. पाठ विंचरून घेते, पण पोटाला किंवा काखेत कंगवा लागला की कान मागे पाडते, शेपटी आपटते आणि चावतेच. काखेत लिंबाएवढी केसांची गाठ झालीय, नमद्यासारखी घट्ट. परवा टॉवेलात गुंडाळून पाहिलं, तर आईच्या मनगटावर ओरखडे. कात्री लावायची हिंमत होत नाही. मांजराची कातडी पातळ, गाठीबरोबर वर ओढली जाते आणि कापली जाते. त्यात ऊन ४० च्या वर. बघवत नाही हो तिच्याकडे.

सात रस्ता, होटगी रोडकडे मांजरं शांतपणे हाताळणारे डॉक्टर माहीत आहेत का कुणाला? भूल न देता ट्रिमरने गाठ निघते का? आणि नंतर कंगव्याची सवय तुम्ही कशी लावली, तेही सांगा.