न्यूरोची नर्स, आणि दर १३ आठवड्यांनी नवं हॉस्पिटल. जमतं का?

दांडियाबाजारकर
मी बडोद्याची. बीएस्सी नर्सिंग, गेली ४ वर्षं इथल्याच एका खासगी हॉस्पिटलच्या न्यूरो आयसीयूत. यंदा लग्न झालं. नवरा टेक्सासमधल्या डॅलसचा, अमेरिकेचाच नागरिक, त्यामुळे ग्रीन कार्डाचं काम चालू आहे. एनक्लेक्स, म्हणजे तिथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा दिली, ८५ प्रश्नांत स्क्रीन बंद झाली, आता गेलंच म्हणून रडले आणि पास निघाले.

नणंद म्हणते, एका जागी कशाला चिकटतेस, ट्रॅव्हल नर्स हो, १३-१३ आठवड्यांचे करार, पैसे जास्त. मला भीती वेगळीच आहे. डॉक्टर राउंडला यायच्या आत मला कळतं की ६ नंबरच्या काकांची जीभ आज जड आहे, कारण कालही मीच होते. दर तीन महिन्यांनी नवीन ठिकाणी हे कसं कळणार? कुणी केलंय का?

रावपुऱ्याची
अगं, मी केलंय. ट्रॅव्हलचं हे तिसरं वर्ष. सध्या सुट्टीवर घरी आलेय. आई लीलो चेवडो डब्यात भरतेय आणि मी नको म्हणतेय, तोवर लिहिते.

आधी नणंदेला सांग, लगेच नाही व्हायचं. मला ज्या ज्या एजन्सीचा फोन आला, तिने अमेरिकेतला एक-दोन वर्षांचा अनुभव मागितलाच. बरोबरच आहे ते. ट्रॅव्हलरला ओरिएंटेशन म्हणजे दिवस-दोन दिवस, त्यातला निम्मा वेळ कॉम्प्युटरचा पासवर्ड चालत नाही म्हणून जातो. तिसऱ्या दिवशी पेशंट तुझे.

कामातलं निम्मं सगळीकडे तेच असतं. एका हॉस्पिटलात स्ट्रोकला गुठळी विरघळवायला अल्टेप्लेस, १० टक्के बोलस (एकदम शिरेतून) आणि उरलेलं तासाभरात. दुसऱ्यात टेनेक्टेप्लेस, एकाच बोलसमध्ये काम संपलं. नंतरची पहारेदारी मात्र तीच. पहिले २ तास दर १५ मिनिटांनी तपास, पुढचे ६ तास अर्ध्या-अर्ध्या तासाने, मग २४ तास होईपर्यंत तासातासाला, बीपी १८०/१०५ च्या खाली. हे तुला झोपेतही येत असेल.

घात होतो तो उरलेल्या निम्म्यात. माझा दुसरा करार, हॉस्पिटलचं नाव नको. मेंदूतल्या रक्तस्रावाचा पेशंट, डोक्यात ईव्हीडी, म्हणजे मेंदूतलं पाणी बाहेरच्या चेंबरमध्ये उतरवणारी नळी. ऑर्डरमध्ये नुसतं '१०'. मी लेव्हल लावून कानाच्या ट्रेगसशी (भोकापुढच्या उंचवट्याशी) शून्य केलं आणि चेंबर १० वर बसवला. त्या पट्टीला दोन बाजू असतात, एक एमएमएचजीची (मिलिमीटर पाऱ्याची), दुसरी सेंटिमीटर पाण्याची. आधीच्या हॉस्पिटलात आम्ही पहिली वापरायचो, इथे दुसरी. १० एमएमएचजी म्हणजे १३.६ सेंटिमीटर पाणी. म्हणजे माझा चेंबर साडेतीन सेंटिमीटरहून जास्त वर! तासाला १२ मिली, ११ मिली येत होतं ते एकदम ३ वर आलं. मी नळीला पीळ पडलाय का, क्लॅम्प बंद राहिलाय का, हेच शोधत बसले. चार्ज नर्स आली, पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ही बाजू नाही. पेशंटला काही झालं नाही. इन्सिडंट रिपोर्ट मीच भरला, आणि त्यात ऑर्डरला एकक नव्हतं हेही लिहिलं. आता कुठेही गेले की पासवर्डच्या आधी विचारते, तुमची पट्टी कुठली?

तुझ्या काकांचं उत्तर माझ्याकडे एकच आहे. ड्यूटी बदलताना जाणाऱ्या नर्सला पलंगापाशी घेऊन जायचं आणि दोघींनी मिळून न्यूरो चेक, म्हणजे शुद्ध, बुबुळं, हातपाय, बोलणं यांची तपासणी करायची. कागदावर 'डावी प्युपिल ४, स्लगिश' (बाहुली ४ मिलिमीटर, उजेडाला मंद) असतं, पण तिची ४ माझी ३ असू शकते. तिच्यासमोर टॉर्च मारला की मला तिची ४ दिसते. हात किती खाली येतो, 'जीभ जड' म्हणजे नक्की किती, हेही तसंच. काहीजणी घड्याळ बघतात. बघू दे.

आणि इंग्लिश येतं म्हणून गाफील राहू नकोस. एनआयएच स्केलमध्ये (स्ट्रोक किती मोठा ते मोजायची तपासणी) उच्चार बघायला शब्दांचं कार्ड असतं: मामा, टिप-टॉप, फिफ्टी-फिफ्टी, थँक्स, हकलबेरी, बेसबॉल प्लेअर. पहिल्याच शब्दाला मला माहेर आठवलं, हकलबेरीला अडखळले मीच. समोरच्या आजोबांनी खणखणीत म्हटलं आणि वर विचारलं, सिस्टर, कधी खाल्लीयेस का?

मांजलपूर_३९
लायसन्सचं बघून ठेवा. टेक्सास नर्स कॉम्पॅक्टमध्ये (एकमेकांचं लायसन्स मानणाऱ्या राज्यांचा करार) आहे, तिथलं मल्टिस्टेट लायसन्स असलं की इतर कॉम्पॅक्ट राज्यांत त्यावरच काम चालतं. कॅलिफोर्निया त्यात नाही, तिथलं वेगळं काढावं लागतं. आणि घरभाड्याचा करमुक्त भत्ता कायमचं घर दुसरीकडे असून तिथलाही खर्च चालू असेल तरच. बहीण या गोष्टीत फसली होती.

निवृत्त_मास्तर
मी नर्स नाही, पण न राहवून लिहितो. आमच्या हिला स्ट्रोक झाला तेव्हा रोज नवी सिस्टर. एकीने विचारलं, महिना कोणता? ही म्हणाली, भाद्रपद. सिस्टरने 'गोंधळलेली' असं लिहून टाकलं. मी म्हटलं, अहो, भाद्रपदच चालू आहे, बाहेर गणपती बसलेत! खोडायला तयार नाही. संध्याकाळी डॉक्टरांसमोर हिने तिथीसकट सांगितलं तेव्हा खोडलं.

रावपुऱ्याची
काका, हे मी नव्या मुलींना सांगणार आहे. म्हणूनच मी घरच्यांना आधी विचारते, एरवी या कशा बोलतात, चष्मा लागतो का, कानाने कमी ऐकू येतं का, आधीपासून एखादा हात अधू आहे का. नव्या नर्सला कालची माहिती देणारं तेवढंच माणूस पलंगाशी असतं.

दांडियाबाजारकर
ताई, ठरलं. आधी दोन वर्षं डॅलसलाच, एका जागी. नणंदेला हा धागा पाठवलाय. पण हकलबेरी लागते कशी?

रावपुऱ्याची
अजून खाल्ली नाही गं. त्या आजोबांना 'हो' म्हणून थाप मारली होती.