मदत हवी आहे: छताला रेल नसलेल्या गाडीवर कॅरिअर कसे बसवावे?

नमस्कार. आमच्या सात आसनी गाडीला छतावर रेल, म्हणजे कॅरिअर अडकवायच्या लांब पट्ट्या, नाहीत. आषाढीला भजनी मंडळासह परभणीहून पंढरपूरला जाताना पखवाज आणि पेटी आत ठेवल्यावर वळकट्यांना जागाच उरत नाही, म्हणून कॅरिअर बसवण्याचा विचार आहे.

येथील एका कारागिराने छताला भोके पाडून कॅरिअर बोल्टने आवळावे असे सुचवले. परंतु पत्रा एकदा उघडा पडला की पावसाचे पाणी झिरपून गंज धरतो, त्यामुळे मन धजावत नाही. दुसरा पर्याय दाराच्या चौकटीला क्लॅम्पने पकडणाऱ्या आडव्या दांड्यांचा आहे. त्यामुळे दाराच्या रबरावर दाब येऊन पाणी आत येते का, आणि आपल्याकडील कडक उन्हाळ्यात दांड्यांच्या पायांखालचे रबर कडक होऊन पकड सैल होते का, हे ज्यांनी वापरले आहे त्यांनीच कृपया सांगावे. छताच्या भारमर्यादेत कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरावे लागते, याची मला कल्पना आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. तेव्हा काढता-घालता येणाऱ्या कॅरिअरबाबत कोणाला तपासणीत अडचण आली असल्यास तेही अवश्य कळवावे. मराठवाड्यात हे काम नीट करणारे कोणी असल्यास गावाचे नाव सांगावे.