इंग्रजीतली तुलना शिकवताना माणसांचे स्वभाव वापरावेत का?

खडूफळा
कम्पॅरेटिव्ह डिग्री शिकवायला घेतली की सराव हमखास वर्गातल्या मुलांवर येतो. दोघांची नावं घ्या, वाक्य करा: 'नेहा इज क्वाएटर दॅन मीरा', 'राहुल इज लेझियर दॅन समीर'. उंची किंवा वय असेल तर माझी हरकत नाही, ते मोजता येतं. पण समोर बसलेल्या दोघांच्या स्वभावाची तुलना सरावापुरतीसुद्धा करून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मुलांना वाईट वाटतं हे एक कारण झालंच. दुसरं कारण भाषेतच आहे. 'बेटर' म्हटल्याने दोन्ही गोष्टी चांगल्या ठरत नाहीत, वाईटातली बरीही त्यात बसते. 'वर्स' म्हटलं की मात्र दोन्ही वाईटच. स्वभावाच्या शब्दांचं तसंच आहे. 'नेहा इज पोलाइटर दॅन मीरा' या वाक्यात मीराला कोणी उद्धट ठरवलेलं नाही. 'नेहा इज रूडर दॅन मीरा' म्हणा, लगेच मीराही थोडीफार उद्धट आहेच असा सूर निघतो. बोलायचं होतं नेहाबद्दल, डाग लागला मीराला.

यापेक्षा मुलांनी स्वतःचीच तुलना करावी: 'आय अ‍ॅम मोअर पेशंट दॅन आय यूज्ड टू बी.' व्याकरण तेच, दुखावलं कोणीच जात नाही.

अनुस्वार
खडूफळा, 'रूडर'चा मुद्दा मान्य. निष्कर्ष मात्र साफ अमान्य.

माणसं माणसांबद्दलच बोलतात. 'तुम्ही दोघी बहिणी स्वभावाने सारख्या का?' असं कोणी इंग्रजीत विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं. सराव नसेल तर तोंडातून येतं 'शी इज क्वाएट दॅन मी', नाहीतर 'शी इज मोअर काइंडर'. पहिली चूक का होते हे उघड आहे. 'ती माझ्यापेक्षा शांत आहे' म्हणताना 'पेक्षा' सगळं काम करतो, 'शांत' जागचा हलत नाही. इंग्रजीत 'दॅन' तर हवाच, शिवाय विशेषणही बदलायला हवं. हे नियम वाचून अंगवळणी पडत नाही, बोलूनच पडतं.

आणि उंचीवर सराव घेऊन मिळतं काय? टॉलर आणि शॉर्टर. स्वभावाच्या शब्दांत सगळे नियम एकत्र भेटतात. काइंड, काम (calm), रूड हे एका सिलॅबलचे, म्हणजे एकाच उच्चारघटकाचे, त्यांना नुसता 'अर'. लेझी, मूडी, फ्रेंडली यांच्या शेवटचा वाय जाऊन आय येतो. जेंटल, हंबल, क्लेव्हर दोन सिलॅबलचे असूनही 'अर' घेतात. जेनरस, सेन्सिटिव्ह, अ‍ॅम्बिशस यांना 'मोअर'शिवाय गत्यंतर नाही. पोलाइटला दोन्ही चालतं. एवढा ऐवज दुसऱ्या कुठल्या विषयात आहे, सांगा.

निरभ्र
मी अनुस्वार यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. स्वभाव ही कमी-जास्त असणारीच गोष्ट आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द काढले होते. पुढे अशाच शब्दांच्या अभ्यासातून व्यक्तिमत्त्वाचे पाच मोठे गुणधर्म (बहिर्मुखता, सौजन्य वगैरे) पुढे आले. त्यातला प्रत्येक एक पट्टी आहे आणि आपण सगळे तिच्यावर कुठेतरी आहोत. म्हणून 'ही इज लेझी' हा शिक्का मला जास्त घातक वाटतो. कम्पॅरेटिव्ह निदान एवढं तरी कबूल करतो की फरक प्रमाणाचा आहे.

शिवाय बाहेरचं माप हाताशी नसलं की माणूस स्वतःला दुसऱ्यांशीच ताडून बघतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं आहे. वर्गात बंदी घालून ते थांबणार नाही.

खडूफळा
निरभ्र, फेस्टिंगर यांचा मुद्दा मला माझ्या बाजूचा वाटतो. मूल मनातल्या मनात तुलना करतं ती त्याची स्वतःची असते. शिक्षकाने ती सगळ्यांसमोर मोठ्याने वदवून घेतली की तो निवाडा होतो. आणि तुमच्या त्या पट्टीवर माणूस शेकडो अनोळखी लोकांशी ताडला जातो, शेजारच्या बाकावरच्या समीरशी नाही.

चकोर
एक प्रकार तुम्ही दोघांनीही सोडलात. 'शी इज मोअर शाय दॅन रूड.' इथे दुसरं माणूसच नाही. एकाच व्यक्तीला कुठला शब्द जास्त लागू पडतो एवढंच सांगायचं आहे. म्हणून एका सिलॅबलच्या शब्दालाही इथे 'मोअर' लागतो. 'शायर दॅन रूड' कोणी म्हणणार नाही. ती उद्धट नाही हो, बुजरी आहे, असं एखाद्याची बाजू घेऊन सांगायला याहून नेमकी रचना माझ्या पाहण्यात नाही. सरावात मात्र ती जवळपास कुठेच दिसत नाही, याची मला खंत वाटते.

अनुस्वार
चकोर, रचना सुंदर आहे, पण ती आधी शिकवली तर मुलं 'मोअर काइंड दॅन माय सिस्टर' म्हणायला लागतील. आधी दोन माणसं, मग ही.

खडूफळा, वर्गातली नावं वगळायला मी तयार आहे. वर्गाने मिळून दोन काल्पनिक माणसं रचावीत आणि त्यांचीच तुलना करावी.

खडूफळा
काल्पनिक माणसं चालतील. पण त्यातही रूडर, लेझियर, मीनर हे शब्द मी सरावात ठेवणार नाही. एकदा जिभेवर बसले की मधल्या सुट्टीत खऱ्या नावांना चिकटतात.

अनुस्वार
इथे मी मागे हटणार नाही. तेच शब्द आधी शिकवायला हवेत, आणि त्यांच्यासोबत ते सौम्य करायची साधनंही: 'अ बिट', 'नॉट अ‍ॅज पेशंट अ‍ॅज'. उद्या कोणी एखाद्या मुलीला तोंडावर 'यू आर रूडर दॅन युअर सिस्टर' म्हणालं, तर तिला ते कळलं पाहिजे. आणि 'नो, आय अ‍ॅम जस्ट मोअर डायरेक्ट' असं तिथल्या तिथे उत्तरही देता आलं पाहिजे.